‘वाळणे’ म्हणजे नेमके काय? : लाकडी जमिनीच्या निगेची कहाणी

सारवलेली जमीन वाळेपर्यंत तिच्यावर पाय ठेवायचा नसतो, हे खेड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. सिमेंटचा नवा कोबा घातला, की त्यावर काही दिवस पाणी मारत राहायचे, हेही आपण सर्वांनी पाहिलेले असते. पहिल्या जमिनीतले पाणी निघून जावे लागते. दुसरीतले पाणी निघून जाऊ नये म्हणून तिला भिजत ठेवावे लागते, कारण सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. पण बोलताना दोन्ही ठिकाणी आपण ‘जमीन अजून वाळायची आहे’ असेच म्हणतो. शब्द एक आणि घटना दोन, असा हा प्रकार आहे. लाकडी जमिनीच्या बाबतीत तर या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळ्या घटना दडलेल्या आहेत. त्यांचा उलगडा होण्यास दोन-अडीचशे वर्षे लागली, आणि तो न झाल्याची किंमत काही वेळा माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागली.

लाकडी जमीन आपल्याकडे तशी कमीच. जुन्या वाड्यांतली माडीवरची फळ्यांची जमीन, नाट्यगृहाचा रंगमंच, बॅडमिंटनचे बंदिस्त मैदान अशा ठिकाणी ती भेटते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मात्र ओक, मॅपल अशा रुंद पानांच्या वृक्षांच्या कठीण लाकडाची जमीन घरोघरी आढळते. वापराने वरचा थर झिजला, की ती घासून खालचे स्वच्छ लाकूड उघडे करतात आणि त्यावर पुन्हा व्हार्निश चढवतात. तिकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा अनुभव आहे. काम आटोपून जाताना कारागीर सूचना देतो : पहिला दिवसभर जमिनीवर चालू नका, तीन-चार दिवस जड सामान मांडू नका, महिनाभर गालिचा अंथरू नका, आणि पाणी ओतून तर कधीच धुऊ नका.

वास्तविक असा थर हाताला कोरडा लागतो तो काही तासांतच. मग महिनाभर थांबायचे कशासाठी? एकाच थराला इतक्या वेगवेगळ्या मुदती का? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

राजवाड्यातले पाणी

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय येथील राजवाड्यात वरच्या मजल्यावरील अनेक दालनांची जमीन सुरुवातीला संगमरवराची होती. संगमरवर धुवायचा म्हणजे पाणी आलेच. ते फटींतून झिरपून खालच्या लाकडी तुळयांपर्यंत पोचे आणि तुळया कुजू लागत. १६८४ च्या सुमारास तेथील संगमरवर काढून ओकच्या तुकड्यांची जमीन बसवण्यात आली. चौरस चौकटीत तिरक्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेली ही रचना आजही व्हर्सायच्या नावाने ओळखली जाते.

ही गुंफण केवळ शोभेची नव्हती. लाकूड हा पदार्थ कधीच पूर्ण स्थिर नसतो. त्याच्या पेशींच्या भित्तिका हवेतील बाष्प शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी असे भित्तिकांत सामावते आणि त्या प्रमाणात लाकूड फुगते. मात्र ते सर्व दिशांना सारखे फुगत नाही. लांबीत होणारा फरक नगण्य असतो. वार्षिक वलयांच्या कडेने होणारा सर्वांत जास्त. ताजे तोडलेले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत अमेरिकेतील तांबड्या ओकची फळी या दिशेने साधारण ८.६ टक्के आकसते, तर आपला साग सुमारे ५.८ टक्के. सागाला कारागीर इतका मान का देतात, याचे एक कारण या आकड्यांत आहे.

फळी जितकी रुंद, तितकी तिची हालचाल मोठी. म्हणून लहान लहान तुकडे निरनिराळ्या दिशांनी बसवले, की एकूण जमीन कमी हलते. जमिनीवर पाणी सांडून राहिले तर फळीची एक बाजू जास्त फुगते, तिच्या कडा उचलल्या जातात आणि फळी ताटलीसारखी वळते. ‘पाण्याने धुऊ नका’ ही सूचना येथून आली. ती वरच्या थरापेक्षा खालच्या लाकडासाठी अधिक आहे.

पण धुवायचे नाही तर जमीन स्वच्छ ठेवायची कशी? फ्रान्समधील उत्तर होते मेण. जमिनीवर मेण चोळायचे आणि घासून चकाकी आणायची. श्रीमंत घरांत या कामासाठी वेगळे नोकर असत. ते पायांना ब्रश अडकवून नाचल्यासारखे पाय घासत जमीन चकचकीत करीत.

आता मेण ‘वाळते’ का? मुळीच नाही. ते उष्णतेने पातळ होते आणि थंड झाले की घट्ट होते, किंवा टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळवून लावले तर द्रावक उडून गेल्यावर जसेच्या तसे मागे उरते. मेणाच्या रेणूंमध्ये कोणताही बदल होत नाही. म्हणूनच हा थर कायम मऊ राहतो, त्यावर धूळ बसते, पाण्याचे डाग पडतात आणि तो पुन्हा पुन्हा चोळावा लागतो. मेणाच्या जमिनीची निगा म्हणजे न संपणारे श्रम होते. चकाकी मालकाच्या जमिनीवर दिसे आणि श्रम नोकराच्या पायांत राहत.

हे श्रम सहसा कोणी चित्रात आणत नसे. गुस्ताव्ह कायबोत या फ्रेंच चित्रकाराने १८७५ मध्ये पॅरिसमधल्या एका खोलीची जमीन गुडघ्यांवर बसून तासणारे तीन कामगार रंगवले. त्यांच्या अंगात सदरे नाहीत, लाकडाच्या कुरळ्या ढलप्या आजूबाजूला पडल्या आहेत. जमिनीच्या तासलेल्या पट्ट्या फिकट दिसतात आणि जुने व्हार्निश असलेल्या पट्ट्या गडद. जमिनीचे नूतनीकरण यंत्राविना कसे होत असे, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने हे चित्र नाकारले. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, ते दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनात मांडले गेले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

लाखेचा मार्ग

मेणापेक्षा टणक, आणि तरीही लवकर चालण्याजोगा होणारा थर हवा, ही गरज १९ व्या शतकात भारतातून जाणाऱ्या एका मालाने बऱ्याच अंशी भागवली. तो माल म्हणजे लाख.

लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतात, झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारख्या पदार्थाचे कवच तयार करतात. अशा फांद्या तोडून त्यांवरची लाख खरवडून, धुऊन घेतात. जुन्या पद्धतीत ही दाणेदार लाख कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून भट्टीपुढे तापवीत आणि पिशवी पिळून वितळलेली लाख बाहेर काढीत. मग एक कामगार तो गरम पापुद्रा हातांनी, पायांनी आणि प्रसंगी दातांनी धरून ताणीत असे. थंड झालेल्या पातळ पत्र्याचे तुकडे म्हणजे आपल्या सुतारांचा चपडा. छोटा नागपूरचा प्रदेश हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. पुढे १९२० च्या दशकात रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थाही निघाली. आपल्या विदर्भातील पळसाच्या रानांतही लाखेचे उत्पादन होते.

चपडा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. हा द्राव लाकडावर लावला, की स्पिरिट काही मिनिटांत उडून जाते आणि लाखेचा कडक, पारदर्शक थर उरतो. येथे वाळणे म्हणजे मुख्यतः बाष्पीभवन. अमेरिकेत १९ व्या शतकाच्या अखेरीस आणि २० व्या शतकाच्या सुरुवातीस अनेक घरांच्या जमिनींवर लाखेचे थर आणि वर मेण, अशी पद्धत रूढ होती. सकाळी काम केलेल्या खोलीत त्याच दिवशी वावरता येई, हा तिचा मोठा गुण.

पण ज्या कारणाने हा थर लवकर वाळतो, त्याच कारणाने तो नाजूकही असतो. स्पिरिट उडून गेले तरी लाखेचे रेणू एकमेकांशी घट्ट बांधले जात नाहीत. पुन्हा मद्यार्क मिळाला की थर परत विरघळतो. अशा जमिनीवर मद्याचा पेला सांडला की डाग पडे. पाणी तसेच राहिले की थर पांढुरका होई. उलट, दुरुस्ती सोपी असे. नवा हात मारला की त्यातील स्पिरिट जुन्या थराचा वरचा भाग विरघळवते आणि दोन्ही थर एकजीव होतात.

आपले अनुभवी पॉलिशवाले भर पावसाळ्यात चपड्याचे काम हाती घेण्यास नाखूष असतात, त्याचे कारणही येथेच सापडते. स्पिरिट उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचून पॉलिश पांढरे पडते. बाष्पीभवनाने थंडावा येतो, हा नियम मुलांना माठाच्या उदाहरणाने आपण शिकवतोच. पॉलिशवाल्याच्या अनुभवात तोच नियम आहे.

जमीन विकणारा आणि मेण विकणारा

याच काळात अमेरिकेत घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विस्कॉन्सिन राज्यातील रॅसीन या गावी सॅम्युअल कर्टिस जॉन्सन यांनी १८८६ मध्ये लाकडी जमिनी विकण्याचा व्यवसाय विकत घेतला. जमीन बसवून झाली, की गिऱ्हाईक विचारी, ‘आता हिची निगा कशी राखायची?’ प्रश्न इतक्या वेळा आला, की १८८८ पासून जॉन्सन यांनी जमिनीसाठी तयार मेण बनवून विकण्यास सुरुवात केली. दहा वर्षांत, म्हणजे १८९८ पर्यंत, मेण आणि तत्सम मालाची विक्री जमिनींच्या विक्रीपेक्षा जास्त झाली. जमीन एकदा विकली जाते, निगा मात्र वर्षानुवर्षे विकता येते. पूर्वी नोकराच्या पायांवर असलेला भार आता डब्यांतून घराघरांत पोचला, आणि तो बहुतेक ठिकाणी गृहिणीच्या हातांवर पडला.

तेलाचा मार्ग

आता सर्वांत जुन्या आणि सर्वांत फसव्या मार्गाकडे वळू. जवसाचे म्हणजे अळशीचे तेल लाकडाला लावण्याची प्रथा फार जुनी आहे. आपल्याकडे रंगाऱ्यांच्या बोलण्यात त्याला बेलतेल म्हणतात. शेंगदाण्याचे तेल फळीवर लावले तर ती महिनोन्‌महिने चिकट राहते. जवसाचे तेल मात्र काही दिवसांत घट्ट पापुद्र्यात बदलते. तेल तर स्पिरिटसारखे उडून जात नाही. मग ते वाळते कसे?

या कोड्याचा एक महत्त्वाचा धागा जिनिव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्यूर या शास्त्रज्ञाच्या हाती १९ व्या शतकाच्या सुरुवातीस लागला. वनस्पतींच्या श्वसनावर आणि पोषणावर काम करणारे हेच ते सोस्यूर. त्यांनी अक्रोडाच्या तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरून बंदिस्त हवेत ठेवला आणि साध्या पाऱ्याच्या दाबमापकाने हवा किती कमी होते ते पाहिले. पहिल्या आठ महिन्यांत तेलाने स्वतःच्या आकारमानाच्या केवळ ३ पट हवा शोषली. एखाद्याने येथेच प्रयोग आवरला असता. पण त्यानंतरच्या अवघ्या दहा दिवसांत तेलाने ६० पट हवा शोषून घेतली! पुढे वेग हळूहळू मंदावला आणि अखेरीस एकूण शोषण १४५ पटींपर्यंत गेले. तेल दाट झाले आणि त्याला उग्र वास येऊ लागला.

म्हणजे तेल वाळताना त्यातून काही निघून जाण्याऐवजी हवेतील ऑक्सिजन त्यात शिरतो. आज आपल्याला त्याचे कारण माहीत आहे. जवस आणि अक्रोड यांच्या तेलांत अनेक दुहेरी बंध असलेली असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. ऑक्सिजन या बंधांच्या शेजारच्या जागी हल्ला करतो, तेथे अस्थिर संयुगे तयार होतात आणि ती शेजारच्या रेणूंना पेटवत जातात. ही साखळी-अभिक्रिया आहे. सुरुवातीला ती संथ असते, कारण तेलातील काही नैसर्गिक घटक तिला रोखून धरतात. ते संपले की ती वेग घेते. शेवटी तेलाचे सुटे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन जाळे तयार होते. ते पुन्हा तेलात किंवा स्पिरिटमध्ये सहज विरघळत नाही. कोबाल्ट किंवा मँगॅनीजची संयुगे अत्यल्प प्रमाणात मिसळली तर हे काम लवकर होते. पूर्वी यासाठी शिशाची संयुगे वापरीत. ती विषारी आहेत.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय पाहिली आणि तिच्यापासूनच जमीन बनवण्याचा विचार केला. १८६३ मध्ये त्यांनी एकस्व घेतले. वाळलेले जवसाचे तेल, राळ, बुचाची भुकटी हे मिश्रण जाड कापडावर थापून केलेले हे लिनोलियम. पूर्वी सरकारी कचेऱ्यांत आणि इस्पितळांत ते पुष्कळ दिसे. लाकडी जमिनीवरचा थर म्हणून जे तेल वापरीत, त्याची स्वतंत्र जमीनच झाली.

चिंध्यांची आग

ऑक्सिजनशी संयोग म्हणजे उष्णता आलीच. जमिनीवर पसरलेल्या पातळ थरातील उष्णता आसपासच्या हवेत आणि लाकडात विरून जाते. पण तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर? चिंधीच्या असंख्य धाग्यांवर तेल पसरल्याने ऑक्सिजनला भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि बोळ्यामुळे उष्णता आत कोंडून राहते. तापमान वाढले की अभिक्रिया आणखी वेगाने होते आणि तापमान आणखी वाढते. काही तासांनी, बाहेरून ठिणगीही न पडता, बोळा पेट घेतो. सोस्यूर यांचे प्रयोग सांगताना स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी हा संबंध सुचवला होता. त्या काळी जवसाचे तेल चोळलेली लोकर आपोआप पेटून कापड गिरण्यांना आगी लागत.

म्हणजे ही माहिती १९ व्या शतकापासून उपलब्ध होती. तरीही २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर आग लागली, ती जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांमुळे. भिंतींच्या लाकडी आवरणाला नवे रूप देण्याचे काम तेथे चालू होते आणि सुट्टीच्या दिवशी चिंध्या तशाच पडून होत्या. आग अठरा तासांहून अधिक वेळ धुमसत राहिली. तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. अखेर ३० व्या मजल्यावरील स्वयंचलित जलफवाऱ्यांनी तिला रोखले. ती इमारत पुन्हा कधी वापरात आली नाही आणि १९९९ मध्ये ती पाडण्यात आली.

‘तेल वाळते’ हे वाक्य आपण ‘कपडे वाळतात’ या वाक्यासारखे ऐकतो आणि म्हणून ओल्या चिंधीत धोका दिसत नाही. चूक शब्दाच्या समजुतीतली आहे. उपाय मात्र सोपा आहे : अशा चिंध्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्यात, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवाव्यात. शाळेत बाके, फळे, दारे-खिडक्या यांना तेल किंवा व्हार्निश लावण्याचे काम निघते, तेव्हा एवढे पाहणे शिक्षकांच्या हातात नक्कीच आहे.

महिनाभराच्या मुदतीचे उत्तर

२० व्या शतकात नवी राळ आली. जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा शोध लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची व्हार्निशे लाकडी जमिनीवर आली आणि त्यांनी लाख व मेण यांना बहुतेक घरांतून हटवले. ही व्हार्निशे मुख्यतः दोन प्रकारची असतात.

तेलयुक्त प्रकारात वाळणाऱ्या तेलाचे रेणू युरेथेनच्या बंधांनी आधीच जोडलेले असतात. लावल्यावर प्रथम द्रावक उडून जाते. हे काम काही तासांचे. थर हाताला कोरडा लागतो तो या टप्प्यावर. मग सोस्यूर यांनी पाहिलेली घटना सुरू होते : ऑक्सिजन थरात शिरून रेणूंचे जाळे विणू लागतो. हे काम वरून खाली सरकते आणि पूर्ण व्हायला साधारण महिना लागतो. दुसऱ्या, पाण्याच्या प्रकारात बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून सलग थर होतो, आणि उरलेली द्रावके हळूहळू निघून जातात. याला सहसा एक-दोन आठवडे पुरतात.

आता कारागिराच्या सूचना पुन्हा वाचून पाहा. पहिला दिवस आहे द्रावक उडून जाण्याचा. तीन-चार दिवसांत जाळे इतपत विणले जाते, की माणसाचा भार सहज पेलतो; पण कपाटाच्या चार पायांखाली तोच भार छोट्या जागेत एकवटतो आणि अर्धवट थरात खळगे पडू शकतात. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, हे सूत्र येथे उपयोगी पडते. आणि गालिच्याची महिनाभराची बंदी? गालिचा अंथरला की थराला मिळणारी हवा अडते, उरलेल्या द्रावकाची वाफ कोंडते, आणि गालिच्याखालचा भाग मऊ व डागाळलेला राहू शकतो. वजनाशी या बंदीचा संबंध कमी आहे. थराला श्वास घेऊ द्यायचा, हे तिचे खरे कारण.

दमट आणि थंड हवेत या मुदती वाढतात, कारण बाष्पीभवनाचा आणि अभिक्रियेचा वेग दोन्ही घटतात. म्हणून डब्यावरचा आकडा हा ठरावीक हवामानासाठी असतो, हे ध्यानात ठेवावे. थर पूर्ण घट्ट झाल्यावरही वाळूचे कण हा त्याचा मोठा शत्रू राहतो. वाळूतील क्वार्ट्‌झ व्हार्निशपेक्षा कितीतरी कठीण असते आणि प्रत्येक पावलाखाली ते पॉलिशपेपरसारखे काम करते. दाराशी पायपुसणे आणि रोजचा मऊ केरसुणीचा हात, एवढी साधी निगा महागड्या द्रावणांपेक्षा अधिक मोलाची ठरते.

धुळीचा हिशेब

नव्या जमिनीची चर्चा तिच्या मालकापाशी थांबू नये असे आम्हांला वाटते. कायबोतच्या चित्रातील ढलप्या जड होत्या, त्या जमिनीवर पडत. विजेची घासणयंत्रे आल्यावर काम सोपे झाले, पण ढलप्यांच्या जागी श्वासातून आत जाणारी बारीक धूळ आली. इंग्लंडमध्ये हाय विकम हे लाकडी सामानाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या पोकळीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येतो, आणि तो लाकूडकाम करणाऱ्यांना होतो. १९६८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध सविस्तर प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून नोंदवले. आज धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि योग्य मुखवटे उपलब्ध आहेत. आपल्याकडच्या लहान सुतारकामात मात्र नाकाला रुमाल बांधणे हाच पुष्कळदा एकमेव उपाय असतो, आणि बारीक धुळीपुढे तो अपुरा आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा सारा विषय तीन काचपट्ट्यांवर आणून ठेवता येतो. एका पट्टीवर चपड्याचा द्राव, दुसरीवर बाजारात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल आणि तिसरीवर वितळवलेले मेण, असे पातळ थर द्यावेत. थर देताना चिंधी न वापरता काचेच्या कांडीने पसरावेत. चपड्याच्या द्रावाजवळ ज्योत असू नये. तिन्ही पट्ट्यांची वजने थर देताच आणि पुढे आठवडाभर रोज, शाळेतल्या नाजूक तराजूवर करावीत. तेलाचा थर एक ग्रॅमच्या आसपास असेल, तर फरक या तराजूवर कळू शकतो.

चपड्याचे वजन आधी भराभर कमी होईल आणि मग स्थिरावेल. मेणाचे जवळजवळ तेवढेच राहील. तेलाचे वजन मात्र वाढेल. मुलांना आधी अंदाज लिहून ठेवायला सांगावे, कारण ‘वाळताना वजन वाढते’ हे त्यांना सहसा पटत नाही. शेवटी चपड्याच्या आणि तेलाच्या थरांवर स्पिरिटचा एकेक थेंब टाकावा. कोणता थर विरघळतो आणि कोणता तसाच राहतो, हे पाहून कोणत्या थरात रेणूंचे जाळे तयार झाले, याचा तर्क मुलांना स्वतः करता येईल.

पाठ्यपुस्तकात वाळण्याचे उदाहरण म्हणून दोरीवरचे कपडे असतात, आणि तेथे बाष्पीभवन हे उत्तर बरोबरच आहे. त्या उदाहरणाला जोडून रंग, व्हार्निश, डिंक, सिमेंट यांची यादी फळ्यावर लिहावी आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्न मांडावेत : यातून काय बाहेर जाते? यात काय आत येते? दुसरा प्रश्न विचारायची सवय लागली, की तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकण्यापूर्वी विद्यार्थ्याचा हात थांबेल.